मुलांना लिहायला शिकवताना या चुका टाळा

तीन वर्षांच्या मुलाला ‘अ’ गिरवायला बसवणं ही पहिली चूक. या वयात गोल जेमतेम जमतो. अधिकचं चिन्ह चौथ्या वर्षी, त्रिकोण पाचव्याच्या आसपास. ‘अ’मध्ये दोन अर्धगोल, आडवी रेघ, उभा दांडा आणि वर शिरोरेघ! मूल मग पेन्सिल मुठीत आवळतं आणि दाब इतका पडतो की अक्षर मागच्या पानावरही उमटतं. आधी पाटीवर मोठ्या रेघोट्या मारू द्या, कणीक मळू द्या. खडूचा बोटाच्या पेराएवढाच तुकडा द्या. तो मुठीत धरता येत नाही, त्यामुळे चिमटीत धरावाच लागतो.

मुळाक्षरांचा क्रम म्हणायला ठीक. लिहायला घ्यायची ती वळणाच्या गटांनी: ग-म-न-भ, व-ब-क, र-स-ख, ट-ठ-ढ-द. शिरोरेघ शेवटी.

सर्वात महागात पडते ती लाल पेनाची घाई. पहिलीतलं मूल ‘मला आंबा आवडतो’ असं म्हणत ‘मल अब अवडत’ लिहितं. फुली मारण्याआधी नीट बघा: म, ल, ब, व, ड, त. एकही व्यंजन सुटलेलं नाही, क्रमही बरोबर. राहिलेत काना, मात्रा, अनुस्वार. एका बैठकीत एकच घ्या. ‘मलाऽऽ’ असं ओढून म्हणा, शेवटी तोंड उघडं राहतं ते दाखवा, काना त्यालाच देऊ द्या. अनुस्वार पुढच्या आठवड्यात. तेच वाक्य दहादा लिहून घेतलं की हात दुखतो, कान मात्र तयार होत नाही. शिवाय मूल हुशार असतं. ते बिनचूक येणारेच शब्द वापरू लागतं आणि प्रत्येक गोष्टीत घर, कमळ नाहीतर मगर येते.

‘किती’चं ‘कीती’ होण्याचं एक कारण लिपीतच आहे. कानाला ‘क्’ आधी, ‘इ’ नंतर ऐकू येते. कागदावर पहिल्या वेलांटीचा दांडा मात्र आधी. ऐकल्या क्रमाने लिहिणारं मूल तो उजवीकडेच देणार. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम सांगत बसू नका. शब्द मोठ्याने म्हणत, आधी दांडा काढून दाखवा.

३ आणि ६ची उलटापालट सातव्या वर्षापर्यंत सर्रास होते. दुसरी संपल्यावरही ती तशीच राहिली, किंवा फळ्यावरचं उतरवताना ओळी सुटत असतील, तर आधी डोळे तपासून घ्या.

डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नका. वहीचा वरचा भाग थोडा उजवीकडे झुकवा आणि बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजाऱ्याचं कोपर लागत नाही.