सेक्स्टस वाचायला बसताना वही जवळ ठेवा

मी डॉक्टर आहे, गावात दवाखाना चालवते. ग्रीक संशयवादाकडे, म्हणजे निकाल न देता शोधत राहणाऱ्या तत्त्वज्ञानाकडे, वळले तेही त्यावर लिहिणारा सेक्स्टस एम्पिरिकस स्वतः वैद्य होता म्हणून. त्याच्या आधीचा, या विचाराचा आद्य पुरुष पिरो अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर भारतापर्यंत आला होता, इथल्या नग्न साधूंना भेटला होता, असं तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा डायोजेनीस लाएर्टिअस सांगतो. पण पिरोने काही लिहून ठेवलं नाही. म्हणून वाचायचा तो सेक्स्टस, आणि तोही ‘पिरोवादाची रूपरेषा’पासून.

पहिलं पान सावकाश वाचा. तिथे तो शोध घेणाऱ्यांचे तीन प्रकार करतो. सत्य सापडलं म्हणणारे, म्हणजे ॲरिस्टॉटल, एपिक्युरस, स्टोइक. ते सापडणारच नाही म्हणणारे, म्हणजे प्लेटोच्या अकादमीतला कार्निअडीस आणि त्याचे सोबती. आणि अजून शोधणारे. संशयवादी हे तिसरे. ‘काहीच कळू शकत नाही’ हे त्यांचं मत नव्हे. ही गफलत मी बरेच दिवस केली आणि तोवर पुस्तक मला बंदच राहिलं.

मग थोडे स्टोइक वाचा, कारण सेक्स्टसचे बरेचसे वार त्यांच्यावरच आहेत. ते टाळलं तर सेक्स्टस हवेत वार करतोय असं वाटतं. स्टोइकांचा संस्थापक झेनो हाताने दाखवायचा: उघडा पंजा म्हणजे मनावरचा ठसा, बोटं जरा वळवली की त्याला दिलेली संमती, मूठ म्हणजे पक्कं आकलन, आणि त्या मुठीवर दुसऱ्या हाताची घट्ट पकड म्हणजे ज्ञान. प्लेटोच्याच अकादमीचा प्रमुख झालेल्या आर्केसिलाउसने नेमकी ही मूठ उघडायला घेतली. खरा ठसा आणि हुबेहूब तसाच खोटा ठसा वेगळे ओळखायचे कसे, एवढंच त्याने विचारलं.

आता वही. डाव्या पानावर एक दावा, उजव्या पानावर तितक्याच ताकदीचा उलट दावा. सेक्स्टसचं उदाहरण घ्या. बर्फ पांढरा दिसतो. जुना ग्रीक तत्त्वज्ञ ॲनॅक्सागोरस म्हणतो, बर्फ म्हणजे गोठलेलं पाणी, पाणी काळं, म्हणून बर्फही काळा. हसू नका, खोडून दाखवा. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं हे सेक्स्टसचं उदाहरण मात्र मी बाजूला ठेवते, माझ्या एकाही रुग्णाने तसं सांगितलेलं नाही. त्याऐवजी मी तापातलं तोंड लिहिते. कालचा गोड घास आज कडू लागतो, मग तो घास मुळात कसा?

दोन्ही पानं सारखी जड झाली की थांबा, निकाल ओढून आणू नका. ग्रीक चित्रकार अपेलीस घोड्याच्या तोंडाचा फेस रंगवायला बसला होता. काही केल्या जमेना, तेव्हा वैतागून त्याने ब्रश पुसायचा स्पंज चित्रावर फेकला आणि फेस उमटला. मनाची शांती तशीच येते, असं सेक्स्टस म्हणतो.

एक पान मुडपून ठेवा: निर्णय थांबला की जगायचं कसं, हे तो जिथे सांगतो ते. निसर्ग, भूक-तहान, रीतिरिवाज आणि शिकलेली कला, हे चार आधार त्याला पुरतात. म्हणून माझी औषधं थांबत नाहीत.

तिसऱ्या भागाचा शेवट मी पुन्हा पुन्हा वाचते. माणसांवरच्या मायेपोटी संशयवादी त्यांचा हट्ट युक्तिवादाने बरा करायला बघतो, दुखणं जास्त असेल तर जालीम युक्तिवाद, कमी असेल तर सौम्य. चिठ्ठीवर मात्रा लिहिताना मला हे आठवतं.