फोनवर ५जी लिहिलंय, तरी नेट रखडतंय? या चुका टाळा

दिवाळीत मामांनी नवा फोन घेतला. आठवड्याभरात त्यांचा फोन: "अरे, पंधरा हजार मोजले आणि वर अजून ४जीच दिसतंय. दुकानदाराने गंडवलं की काय?" जाऊन पाहिलं तर बॅटरी सेव्हर पहिल्या दिवसापासून चालू होता. अनेक फोनमध्ये तो ५जी बंद करून टाकतो. शिवाय 'प्रेफर्ड नेटवर्क टाइप' एलटीईवर, म्हणजे ४जीवर होतं. दोन्ही बदललं, ५जी दिसलं आणि पाच मिनिटांत चहाही आला.

सगळ्यांचं इतक्यावर भागत नाही. सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे खोक्यावरचं '५जी' वाचून फोन घेणं, त्यातही सेकंडहँड. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, पण त्याआधीच दोन वर्षं ५जी फोन विकले जात होते. त्यातल्या काहींत ५जीचा एखाद-दुसराच बँड, म्हणजे लहरींचा पट्टा आहे. जिओचं ५जी स्टँडअलोन, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं. एअरटेलने मात्र ४जीच्या खांद्यावर उभं राहणारं नॉन-स्टँडअलोन निवडलं. त्यामुळे एकच जुना फोन एका सिमवर ५जी दाखवतो आणि दुसऱ्यावर नाही, आणि लोक सिमला दोष देत बसतात. फोन घेण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर त्याच मॉडेलसमोर तीन गोष्टी शोधा: एन७८ आणि एन२८ हे दोन बँड, आणि एसए, म्हणजे स्टँडअलोन. दुकानातला पोरगा "सब चलता है साहब" म्हणाला तरी शोधा. आणि अपडेट टाळू नका. आयफोनमध्ये हार्डवेअर होतं, तरी भारतात ५जी चालू झालं ते डिसेंबर २०२२ मध्ये, आयओएस १६.२ आल्यावर.

वर एन२८ का लिहिलं, तर भिंतींमुळे. ५जीचा मुख्य भार ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, म्हणजेच एन७८वर आहे. वेग भरपूर, पण स्लॅब, जाड भिंत, पत्रा लागला की या लहरी दमतात. ७०० मेगाहर्ट्झ, म्हणजेच एन२८, आतपर्यंत पोचतो. २०२२ च्या लिलावात तो फक्त जिओने घेतला. त्यामुळे मधल्या खोलीत बसून "आमच्याकडे नेटवर्कच नाही" असं ठरवू नका. मामांकडे देवघराशेजारी वेग ९ एमबीपीएस आला, गॅलरीत २१०. फोन तोच, सिम तेच, अंतर बारा पावलांचं.

गॅलरीतही तीच रड असेल, तर वेळ बदलून बघा. रात्री नऊला अख्खी सोसायटी क्रिकेट बघत असते, आणि कित्येक टॉवर अजून फायबरऐवजी मायक्रोवेव्हवर, म्हणजे बिनतारी दुव्यावर जोडलेले आहेत. हवेतून ५जी आलं तरी पुढचा रस्ता अरुंदच. पहाटे सहाला वेग उत्तम आणि रात्री मरतोय, तर फोन फॉरमॅट करून काहीही होणार नाही. (मी एकदा घाईत नेटवर्क रीसेट मारलं होतं. ५जी आलं नाहीच, वर घरातल्या वायफायचा पासवर्ड शोधण्यात संध्याकाळ गेली.)

"जिल्ह्यात ५जी आलंय" या बातमीवरही विसंबू नका. सरकारी आकड्यांत देशातले जवळपास सगळे जिल्हे येतात, पण तालुक्याच्या स्टँडवर टॉवर लागला तरी जिल्हा मोजला जातो. तुमची वाडी घाटापलीकडे असेल तर त्या आकड्याचा तुम्हाला काय उपयोग? ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमामुळे कंपन्यांना वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा द्यावा लागतो. त्यात आपलं गाव झूम करून बघा. मग शेजाऱ्याचा फोन बघा, तो नकाशापेक्षा खरं बोलतो.

प्लॅनही तपासा. जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओ आणि एअरटेल दोघांनी अमर्याद ५जी रोज २ जीबी आणि त्यावरच्या प्लॅनपुरतं ठेवलं. मामेबहीण दीड जीबीच्या प्लॅनवर बिनधास्त व्हिडिओ बघत होती. दुपारीच डेटा संपला, वेग ६४ केबीपीएसवर आला आणि शिव्या मात्र टॉवरला.

"५जीसाठी सिम अपग्रेड करतो, ओटीपी सांगा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. जिओ-एअरटेलचं ४जी सिम ५जीला चालतं. ओटीपी देऊन बसला असाल तर आधी बँकेला कळवा आणि लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा. रागाच्या भरात पोर्टही करू नका. नव्या कंपनीत गेल्यावर ९० दिवस तिथून हलता येत नाही. आधी त्या कंपनीचं सिम असलेला मित्र घरी बोलवा आणि त्याला मधल्या खोलीत बसवा.

एवढं करूनही अडलं, तर १९८ वर तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून घ्या. "टॉवरचं काम चालू आहे" असं म्हणून फोन ठेवतील, तरी नंबर घ्याच. मुदतीत काम झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथे पहिला प्रश्न त्या नंबरचाच असतो.