युट्रेक्टला येताय? गाडी राहू द्या, आधी दोन कुलपं घ्या

नेदरलँड्सला आलेल्या आपल्या मंडळींना गाडीची फार घाई. ३० टक्के रूलिंग (बाहेरून आलेल्या नोकरदारांना मिळणारी करसवलत) असेल तर भारतीय लायसन्स बदलून मिळतं असं कुणीतरी सांगतं, की महिन्या-दोन महिन्यांत जुनी गाडी घेऊन मोकळे. मग कळतं की शहरात पार्किंगचं परमिट लागतं आणि शहराच्या मध्यभागात गाडी घालणं म्हणजे चारचौघांत फजिती. आम्स्टरडॅमजवळच्या आम्स्टेलवेनहून महिन्याचा भारतीय किराणा आणायचा म्हणून गाडी, हे कारण मला आजवर पटलेलं नाही. निदान पहिलं वर्ष थांबा.

सायकल घ्या. स्टेशनपासून विद्यापीठाच्या सायन्स पार्कपर्यंत वीसेक मिनिटं लागतात. लाइड्झे राइनला घर मिळालं तर डाफ्ने स्किपर्स पुलावरून कालवा ओलांडायचा. २०१७ साली झालेल्या या पुलाची सायकलवाट चक्क एका शाळेच्या छपरावरून खाली उतरते.

आता नीट ऐका. इथे सायकल चोरीला जाते. मागच्या चाकाचं गोल कुलूप पुरत नाही, कारण सायकल उचलून टेम्पोत टाकता येते. जाड साखळी फ्रेममधून घेऊन खांबाला किंवा रॅकला बांधा, दोन मिनिटांसाठी दुकानात जायचं असलं तरी. ई-बाइक असेल तर विमा काढा आणि कुलूप विम्याच्या अटीत बसणारं घ्या. बहुतेक ठिकाणी कुलपाच्या मजबुतीचा ‘एआरटी’ शिक्का मागतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: दोन्ही मूळ किल्ल्या जपा. ओळखीतल्या एकाची दोन हजार युरोंच्या वरची ई-बाइक गेली. विमा होता, पोलिसांत तक्रार होती, पण घर बदलताना जादाची किल्ली हरवलेली. कंपनीने एका ओळीत दावा फेटाळला. दुसरी किल्ली पासपोर्टच्या फाइलीत ठेवा. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये नको, फाइलीत.

रस्त्यात कुणी वीस-तीस युरोंत सायकल देऊ केली तर पुढे चालू लागा. चोरीचा माल घेणाराही गुन्हेगार ठरतो. जुनी घेणार असाल तर पोलिसांच्या ‘स्टॉपहेलिंग’ साइटवर फ्रेम नंबर चोरीचा नाही ना, ते तपासा. ही कटकट नको असेल तर स्वॅपफीट्सची निळ्या पुढच्या टायरची सायकल महिन्याच्या भाड्याने मिळते, दुरुस्ती त्यांच्याकडे.

पुण्यात कॉलेजभर सायकल चालवलीय, या भरवशावर पहिल्याच दिवशी सकाळी साडेआठला फ्रेडेनबुर्गच्या गजबजलेल्या सायकलरस्त्यावर जाऊ नका. मंद चालवलेलं इथल्या लोकांना चालतं, मध्येच थांबलेलं नाही. हात दाखवून बाजूला व्हा आणि मगच मॅप उघडा. चालवताना फोन हातात धरायला २०१९पासून बंदी आहे, आणि दंड दीडशे युरोंच्या वर जातो. बऱ्याच सायकलींना हातात ब्रेक नसतो, पॅडल उलटं मारून थांबायचं. रविवारी रिकाम्या गल्लीत सराव करा. रस्त्यावरच्या पांढऱ्या त्रिकोणांची टोकं तुमच्याकडे असतील तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. काहीच खूण नसेल तर उजवीकडून येणारा पहिला. डावीकडून गाडी चालवायची सवय असलेल्या आपल्याला हे महिनाभर उलटंच वाटतं.

स्टेशनखालच्या तळात सुमारे साडेबारा हजार सायकली राहतात आणि पहिले चोवीस तास फुकट. रांगेच्या नंबराचा फोटो काढा, नाहीतर संध्याकाळी सायकल शोधत बसाल. बाहेर नको तिथे लावली तर पालिका उचलून नेते आणि सोडवायला पैसे भरावे लागतात.

ट्रेन, ट्राम, बसमध्ये बँकेचं कार्ड टेकवून चढता-उतरता येतं. पण चढताना प्लास्टिकचं कार्ड आणि उतरताना फोनमधलं तेच कार्ड टेकवलं, तर मशीनच्या लेखी ती दोन माणसं असतात. नवरा-बायकोचं एका कार्डावर भागत नाही. ट्रेनमधून उतरताना कार्ड टेकवायला विसरलात की वीस युरो कापले जातात, आणि परत मिळवायला अर्ज करावा लागतो.

पावसाला छत्री उपयोगाची नाही, वारा ती उलटी करतो. पावसाची पँट घ्या आणि निघण्याआधी बाउएनराडार हे पावसाचं अॅप बघा. बऱ्याचदा दहा मिनिटं थांबलं की सर निघून जाते.