मटेरियल डेट पिकर लावताय? या चुका टाळा

अँड्रॉइड ॲपमधला जुना, आकडे फिरवायचा डेट पिकर (तारीख निवडायची खिडकी) काढून गूगलच्या मटेरियल लायब्ररीतला बसवणं म्हणजे पाच-सात ओळींचं काम. बिल्डर (पिकर तयार करून देणारा क्लास) घ्या, शीर्षक द्या, दाखवा. दिसतोही झकास. तक्रारी नंतर सुरू होतात, आणि त्यातल्या बहुतेक दिसण्याच्या नसून तारखेच्या असतात.

दिसण्याचं आधी उरकून घेऊ. बटण दाबताच ॲप क्रॅश होतंय आणि लॉगमध्ये 'मटेरियल कॅलेंडर थीम' हे ॲट्रिब्यूट मिळालं नाही असं म्हटलंय? मग तुमची थीम अजून ॲपकॉम्पॅट या जुन्या लायब्ररीवरच आहे. ती मटेरियल ३ वर आणा. फक्त पिकरचे रंग बदलायचे असतील तर बिल्डरला वेगळा थीम ओव्हरले (मूळ थीमवर चढवायची छोटी थीम) द्या. त्यासाठी अख्ख्या ॲपचे रंग हलवू नका.

आता खरी गोम. हा पिकर निवडलेली तारीख देतो ती यूटीसीतल्या (जागतिक प्रमाणवेळेतल्या) मध्यरात्रीचे, १९७० च्या सुरुवातीपासून मोजलेले मिलिसेकंद म्हणून. आपली वेळ साडेपाच तास पुढे, त्यामुळे १५ ऑगस्ट निवडला की भारतात ती वेळ १५ तारखेची पहाटे साडेपाच होते. तारीख बरोबर दिसते आणि चूक झाकली जाते. तोच कोड न्यूयॉर्कमधल्या फोनवर १४ ऑगस्टची रात्र दाखवतो.

उलट दिशेला मात्र आपणच अडकतो. समजा, तुम्ही ही तारीख भारतीय मध्यरात्र म्हणून डेटाबेसात ठेवली आणि 'एडिट' उघडल्यावर तोच आकडा पिकरला दिला. १५ ची भारतीय मध्यरात्र म्हणजे यूटीसीत १४ तारखेचे साडेसहा, तेही संध्याकाळचे. पिकर १४ दाखवतो. माणूस न बघता 'ओके' दाबतो, १४ सेव्ह होते. पुढच्या खेपेला १३. कोणी काही बदललेलं नसताना तारीख एकेक दिवस मागे सरकत राहते. उपाय सरळ आहे: पिकरकडून आलेला आकडा यूटीसी धरूनच 'लोकल डेट'मध्ये (वेळ नसलेल्या निव्वळ तारखेत) बदला, साठवताना फक्त वर्ष-महिना-दिवस ठेवा, आणि परत देताना यूटीसीच्याच मध्यरात्रीत न्या. 'आज' निवडून ठेवायचा असेल तर सिस्टिमची चालू वेळ देऊ नका, रात्री बारा ते साडेपाचच्या दरम्यान कालची तारीख येईल. लायब्ररीत 'टुडे इन यूटीसी मिलिसेकंड्स' ही मेथड त्यासाठीच आहे.

दुसरी चूक खास आपल्या लोकांना चावणारी. फोनची भाषा मराठी असेल तर अँड्रॉइड आकडेही देवनागरीत देतं. स्क्रीनवर ते छानच, पण त्याच फॉरमॅटरने (तारखेचा मजकूर बनवणाऱ्या कोडने) सर्व्हरला '२०२५-०८-१५' पाठवलं की तिकडे पार्सिंग (मजकुरातून तारीख वाचणं) कोलमडतं. फोन हिंदीत ठेवून टेस्ट केलीत तर हे सापडणार नाही, कारण हिंदीत आकडे मुळात इंग्रजीच येतात. सर्व्हरसाठीचा फॉरमॅटर वेगळा ठेवा आणि त्याला लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) यूएस द्या. आणि पॅटर्नमध्ये वर्षासाठी स्मॉल वाय लिहा. कॅपिटल वाय आठवड्याचं वर्ष देतो, म्हणजे तो आठवडा ज्या वर्षात मोजला जातो ते. ३१ डिसेंबर २०२४ चं तो ३१ डिसेंबर २०२५ करून टाकतो.

फोन आडवा केल्यावर पिकर दिसतो, पण 'ओके' दाबून काहीच होत नाही? पिकरचा फ्रॅगमेंट (स्क्रीनचा तुकडा) नव्याने तयार झाला, तुमचा लिसनर ('ओके' दाबल्यावर चालणारा कोड) जुन्यासोबत गेला. ऑनक्रिएटमध्ये (स्क्रीन तयार होताना चालणाऱ्या मेथडमध्ये) टॅगवरून, म्हणजे दाखवताना पिकरला दिलेल्या नावावरून, पिकर शोधून लिसनर पुन्हा जोडा. बटण दोनदा दाबल्यावर एकावर एक दोन पिकर उघडत असतील, तर उघडण्याआधी तोच टॅग तपासा म्हणजे झालं.

कन्स्ट्रेंट्समध्ये (पिकरच्या मर्यादांमध्ये) सुरुवात आणि शेवट दिला म्हणून मागच्या तारखा बंद होतात, हाही गैरसमजच. त्याने फक्त कोणते महिने दिसायचे ते ठरतं. दिवस बंद करायला व्हॅलिडेटरच (कोणता दिवस चालेल ते तपासणारा कोड) लागतो.

जन्मतारखेसाठी कॅलेंडर उघडूच नका, असं माझं मत. १९६२ सालच्या माणसाने बाण किती वेळा दाबायचा? वर वर्षावर टॅप केलं की वर्षांची यादी येते, हे बऱ्याच जणांना कळतच नाही. इनपुट मोड टेक्स्ट ठेवा, तारीख टाइप करू द्या. आणि तिथे 'आजपर्यंतच' असा व्हॅलिडेटर विसरू नका. पिकरची मूळ मर्यादा डिसेंबर २१०० पर्यंत आहे, त्यामुळे २०९९ सालचा जन्मही ॲप बिनतक्रार घेईल.