अलिबागचा पिनकोड फोडून बघा

४०२२०१. पाकिटावर हा अलिबागचा पिनकोड, पण नुसती संख्या म्हणून घेतला तर सरावाला उत्तम. मोठ्या संख्येचे मूळ अवयव आधी काढावेत. तिचे बहुतेक गुणधर्म मग त्यांतूनच निघतात.

४०२२०१ चं वर्गमूळ ६३४ च्या जरा पुढे. म्हणजे ६३४ पर्यंतच्या ११५ मूळ संख्यांनी भागून पाहायची तयारी हवी. प्रत्यक्षात इतकं काम पडत नाही. अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने नक्की भाग जातो. उरले ४४६८९. इथे ३ पुन्हा तपासा, बरेच जण विसरतात. बेरीज ३१, म्हणजे आता ३ सुटला.

७, ११, १३ एकाच दमात तपासता येतात, कारण ७×११×१३ = १००१. ४०२२०१ चे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करून वजाबाकी करा: ४०२ − २०१ = २०१. या २०१ ला तिघांपैकी कुणीच भागत नाही, तेव्हा तिघेही बाद.

दुसरी चूक मर्यादेची. संख्या लहान झाली की मर्यादाही खाली आणा: ४४६८९ साठी २११ पुरे. १७ आणि १९ ने बाकी उरते, २३ ने भाग जातो आणि १९४३ मिळतात. आता मर्यादा फक्त ४४. पुन्हा २३ लावून पाहा, जमत नाही. २९ ने भागल्यावर येतात ६७, आणि ती मूळ संख्याच.

४०२२०१ = ३² × २३ × २९ × ६७

पडताळ्यासाठी फक्त एकक अंक गुणा: ९×३ चा ७, ७×९ चा ३, ३×७ चा १. जुळलं म्हणजे सगळं बरोबर असं नव्हे, पण न जुळलं तर चूक नक्की.

विभाजक किती? प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणा: ३×२×२×२ = २४. त्यांची बेरीज (१+३+९)×२४×३०×६८ = ६,३६,४८०. त्यातून खुद्द संख्या वजा केली की २,३४,२७९ उरतात. हे संख्येपेक्षा कमी, म्हणून ती न्यून.

पूर्ण वर्ग? एकक १, अंकांची बेरीज ९, चारने बाकी १: तिन्ही कसोट्या फसव्या, वर्गाला चालणाऱ्या. पण २३ चा घातांक विषम, तिथेच प्रश्न मिटतो. दोन वर्गांची बेरीज म्हणूनही ती मांडता येत नाही, कारण चारने भागल्यावर ३ बाकी ठेवणारे २३ आणि ६७ एकेकदाच आले आहेत.

ती हर्षद मात्र आहे, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी. हे नाव गणितज्ञ दत्तात्रय कापरेकरांनी दिलेलं. त्यांचा जन्म १९०५ चा, याच किनाऱ्यावरच्या डहाणूचा. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ६१७४ ही संख्या सुद्धा हर्षदच: १८ ने भागा, ७ चा घन येतो.

सोळा अंकी संख्या घ्याल तर एक्सेलवर विसंबू नका. ते पंधराच अंक धरतं आणि सोळाव्याच्या जागी गुपचूप शून्य ठेवतं. मग तुम्ही भलत्याच संख्येचे अवयव काढत बसता.