जुना फिल्म कॅमेरा ठेवायचा की विकायचा, हे कसं ठरवावं

माझ्या आत्याच्या कॅमेऱ्याच्या तळाला तिची आद्याक्षरं आहेत. सुईनं कोरलेली, दुसरं अक्षर जरा तिरकं गेलेलं. कॅमेरा यशिका इलेक्ट्रो ३५. तो विकावा का, या विचारानं एका जाणकाराला दाखवला, तेव्हा त्यानं आधी तळच पाहिला. म्हणाला, "नाव कोरलंय, किंमत कमी येईल." मला वाईट वाटलं, पण त्याचं बरोबर होतं.

जून २०२२ मध्ये लायट्झ फोटोग्राफिकाच्या लिलावात जर्मनीच्या लायका कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या, चाचणीसाठी बनवलेल्या झिरो मालिकेतला १०५ क्रमांकाचा कॅमेरा १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. तोपर्यंत कुठल्याच कॅमेऱ्याला एवढी किंमत आली नव्हती. त्याच्याही व्ह्यूफाइंडरवर (डोळा लावून दृश्य पाहायच्या खिडकीवर) नाव कोरलेलं आहे: ऑस्कर बार्नाक. लायकाचा जनक, आणि हा त्याचा स्वतःच्या वापरातला कॅमेरा. म्हणजे कोरलेलं नाव तिथे भाव चढवतं आणि आत्याच्या कॅमेऱ्यावर उतरवतं. बार्नाकला जग ओळखतं, आत्याला आम्ही ओळखतो, एवढाच फरक. म्हणून घरातल्या कॅमेऱ्याचे दोन हिशेब करावे लागतात, एक पैशाचा आणि एक आठवणींचा, आणि ते एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. पुढच्या पायऱ्या याच क्रमानं केल्या तर नंतर हळहळायची वेळ येत नाही.

पायरी १: मागचं झाकण उघडू नका, आधी आत रोल आहे का पाहा

कपाटातून जुना कॅमेरा निघाला की प्रत्येकाचा हात आधी मागच्या झाकणाकडे जातो. आत अर्धवट वापरलेला रोल असेल, तर तेवढ्यात तो उजेडानं जातो.

पस्तीस एमएमच्या कॅमेऱ्यात डावीकडे वर रिवाइंडची छोटी घडीची मूठ असते. ती उघडून बाणाच्या दिशेनं अगदी हलक्या हातानं फिरवा. थोड्याच वेळात ताण लागला, तर आत फिल्म आहे. नुसतीच गरगर फिरत राहिली, तर बहुधा कॅमेरा रिकामा आहे. दुसरी खूण अशी, की उजवीकडचा लिव्हर ओढताना ही मूठ आपोआप उलटी फिरली, तर रोल आहे. मोठ्या रोलच्या जुन्या पेटी-कॅमेऱ्यांना पाठीमागे लाल काचेची छोटी खिडकी असते, तिच्यातून फिल्मच्या कागदावरचा आकडा दिसतो.

रोल असेल तर तळाचं रिवाइंडचं बटण दाबून मूठ सावकाश फिरवत राहा. शेवटी फिल्म सुटल्याचा हलका झटका हाताला जाणवतो आणि मूठ मोकळी होते. मगच झाकण उघडा. चुकून आधीच उघडलं गेलं असेल, तर झटकन बंद करा. डबीत गुंडाळलेली आणि आतल्या वेढ्यांतली फिल्म वाचलेली असू शकते.

रंगीत निगेटिव्हच्या बहुतेक रोलवर सी-४१ असं, म्हणजे तो धुण्याच्या प्रक्रियेचं नाव, छापलेलं असतं. असा रोल आजही धुऊन मिळतो. मात्र लॅबला तो जुना आहे हे आधी सांगा. कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची जुनी रंगीत स्लाइड फिल्म, निघाला तर रंगाची आशा सोडावी लागते. त्याची प्रक्रिया वेगळी होती आणि ती करणाऱ्या शेवटच्या लॅबनं २०१० च्या अखेरीस रोल घेणं थांबवलं. काही लॅब तो ब्लॅक अँड व्हाइट म्हणून धुऊन देतात.

आत्याच्या कॅमेऱ्याचा काउंटर १९ वर थांबला होता. रोल धुऊन आला तेव्हा बहुतेक फ्रेम करड्या धुक्यासारख्या होत्या. तीन दिसत होत्या. त्यातल्या एकीत जिन्याच्या पायरीवर वाळत ठेवलेली उघडी छत्री आहे, आणि छत्रीमागून डोकावणारा एक छोटा पाय. तो कोणाचा, यावर आम्हा भावंडांत अजून एकमत नाही. झाकण घाईनं उघडलं असतं, तर हे मिळालंच नसतं.

पायरी २: पिशवीचे कप्पे रिकामे करा

चामड्याच्या केसमध्ये आणि बॅगेच्या कप्प्यांत पावती, हमीपत्र, माहितीपुस्तिका, लेन्सचं झाकण, फिल्टर सापडतात. ही सगळी किंमत वाढवणारी सामग्री, ती एकत्र ठेवा. निगेटिव्हच्या पट्ट्या मात्र त्याच क्षणी वेगळ्या काढा. विकलेल्या बॅगेबरोबर घरच्यांचे फोटो परक्याच्या हाती जाण्याचे प्रकार नेहमी घडतात. आठवणींचा मोठा साठा कॅमेऱ्यात नसतो, निगेटिव्हमध्ये असतो. ती आधी स्कॅन करून घ्या. मग कॅमेऱ्याबद्दल मन बरंच मोकळं होतं.

पायरी ३: उजेडात बसून तपासा

एक टॉर्च, कानाच्या कापसाच्या काड्या, थोडं व्हिनेगर आणि नवी बॅटरी जवळ घ्या.

बॅटरीचा कप्पा आधी. हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर बॅटरी गळलेली आहे. गळालेलं रसायन अल्कली असतं, त्यामुळे व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या काडीनं ते निघतं. नंतर कोरड्या काडीनं पुसा. साठ-सत्तरच्या दशकातले अनेक कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालत. त्या आता बनत नाहीत. तिथे दीड व्होल्टची घातली, तर प्रकाशमापक चुकीचं सांगू शकतो. श्रवणयंत्राच्या झिंक-एअर बॅटरीचा व्होल्टेज याच्या जवळपास येतो, त्यामुळे अनेक जण तीच वापरतात.

मग शटर. झाकण उघडून मागून पाहत एकेक वेग दाबा. वेगवान आकडे चालतात आणि एक सेकंद, अर्धा सेकंद अडकतात, ही वयाची नेहमीची तक्रार. आतलं वंगण घट्ट झालेलं असतं. सेल्फ टायमर मात्र ओढू नका. वर्षानुवर्षं न वापरलेला टायमर मध्येच अडकला, तर सगळा कॅमेरा अडकून बसतो.

लेन्समधून टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूनं तिरकं पाहा. चार धुलीकण कुठल्याही जुन्या लेन्समध्ये असतात, त्यानं फोटोला काही होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले, तर ती बुरशी. ती काचेवरचा थर खाते, आणि एकदा खाल्लेला परत येत नाही. हे टॉर्चच्या उजेडात एकदा पाहिलं की विसरत नाही: काचेच्या कडेपासून मध्याकडे सरकणारी, पानाच्या शिरांसारखी नक्षी. काच पिवळसर दिसत असेल तर घाबरू नका. पेंटॅक्सच्या जुन्या काही ताकुमार लेन्समध्ये थोरियमयुक्त काच होती, ती वयानं पिवळी पडते आणि काही दिवस उन्हात ठेवली की पुष्कळशी निवळते.

झाकणाच्या खाचांतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला, तर तो संपला. त्यातून उजेड आत शिरतो. हा बदलणं सोपं आणि स्वस्त काम आहे. जुना फोम खरवडताना तुकडे शटरवर पडू देऊ नका, एवढीच काळजी.

काही मॉडेलांची दुखणी ठरलेली असतात. कॅनन एई-१ चा शटर दाबल्यावर शिट्टीसारखी घरघर येते, कारण आरशाच्या यंत्रणेतलं वंगण सुकलेलं असतं. ऑलिंपस ओएम-१ मध्ये प्रिझमभोवतीचा (व्ह्यूफाइंडरकडे दृश्य वळवणाऱ्या काचेभोवतीचा) फोम कुजून प्रिझमचा चांदीचा थर खातो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये काळे डाग दिसतात. आत्याच्या यशिकाचं दुखणं म्हणजे आतला एक इवलासा रबरी तुकडा. तो विरघळला की शटरची वेळ चुकते. चांगल्या यशिकाचा लिव्हर ओढताना एक दबका "खट" ऐकू येतो, तो येत नसेल तर तुकडा गेला. बॅटरी नसली तरी हा कॅमेरा क्लिक होतो, पण फक्त १/५०० सेकंद या वेगानं. क्लिकचा आवाज ऐकून "चालू आहे" असं सांगणारे इथेच फसतात.

एक गोष्ट करू नका. झिजलेला रंग पुन्हा मारू नका, पितळ उघडं पडलेल्या कडा चकाकवू नका. संग्राहकाला मूळ अवस्था हवी असते.

पायरी ४: एक रोल काढा, मगच निर्णय घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. छत्तीस फोटोंचा एक रोल घाला आणि महिनाभरात संपवा. प्रकाशमापक मेलेला असेल, तर स्वच्छ उन्हात ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) १६ वर आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओइतका (रोलवर छापलेल्या, फिल्म उजेडाला किती संवेदनशील ते सांगणाऱ्या आकड्याइतका) ठेवा. आयएसओ २०० ला १/२५० चालतं. सावलीत ॲपर्चर तीन-चार पायऱ्यांनी उघडा.

याचे दोन फायदे. रोल धुतल्यावर कॅमेऱ्याची खरी तब्येत कळते. उजेड कुठून झिरपतो, फोकस जुळतो का, फ्रेम एकमेकींवर चढतात का, हे सगळं त्यात दिसतं. आणि दुसरं, तुम्हाला तो कॅमेरा हवा आहे की त्या माणसाची वस्तू हवी आहे, याचा उलगडा होतो. आत्याच्या कॅमेऱ्यावर उजव्या अंगठ्याजवळचं आवरण गुळगुळीत झालेलं आहे. दहाव्या-बाराव्या फोटोपर्यंत माझा अंगठा तिथेच विसावायला लागला होता.

पायरी ५: घरात विचारा

माणूस जाऊन थोडेच दिवस झाले असतील, तर काहीच ठरवू नका. त्या दिवसांत माणूस सगळं काढून टाकतो, नाही तर सगळंच धरून ठेवतो. थोडा काळ गेल्यावर भावंडांना, मुलांना विचारा. विकल्यानंतर "मला हवा होता" असं कोणी म्हटलं, तर ते पैशानं भरून निघत नाही.

मग स्वतःला विचारा: हाच कॅमेरा चोरीला गेला आणि हुबेहूब तसाच दुसरा मिळाला, तर चालेल का? उत्तर "हो" असेल, तर निःशंकपणे विका. त्यात त्या माणसाचा अनादर नाही. वापरणाऱ्याच्या हाती गेलेला कॅमेरा बंद कपाटातल्या कॅमेऱ्यापेक्षा चांगला जगतो.

पायरी ६: भाव शोधा

जुनं म्हणजे महाग, हा समज आधी सोडा. कोडॅकचा ब्राउनी १९०० मध्ये आला आणि त्याचे पुढचे अवतार इतके खपले, की आज बहुतेकांना नाममात्र किंमत येते. काहींना तर ६२० नंबरचा रोल लागतो, आणि तो कोडॅकनं १९९५ मध्ये बंद केला.

मागणी असते ती वापरता येणाऱ्या आणि दुरुस्त होणाऱ्या कॅमेऱ्यांना. पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम२, लायकाचे एम३ आणि एम६ ही यांत्रिक मंडळी भाव टिकवून असतात. नव्वदच्या दशकातले छोटे ऑटोमॅटिक कॅमेरे, म्हणजे काँटॅक्स टी२ किंवा ऑलिंपस म्यू २, यांनाही मोठी मागणी आहे. पण त्यांचं सर्किट गेलं की सुटे भाग मिळणं कठीण, म्हणून ते चालू अवस्थेतच विकावेत. कधी कधी कॅमेऱ्यापेक्षा लेन्सच जास्त मोलाची असते, कारण ती अडॅप्टरनं आजच्या मिररलेस कॅमेऱ्यांवर बसते.

सोनेरी, भारी चिन्हं कोरलेला "लायका" सापडला तर हुरळून जाऊ नका. लायकाची नक्कल करून बनवलेले सोव्हिएत काळातले फेड आणि झोर्की हे कॅमेरे असे बदलून खूप विकले गेलेत. सिरीयल नंबर लायकाच्या यादीशी ताडून पाहा.

भाव पाहताना विक्रेत्यांनी मागितलेली किंमत धरू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्यांची धरा. तेच मॉडेल, तीच लेन्स, तीच अवस्था असलेले पाच-सहा व्यवहार पाहिले की अंदाज येतो. विकण्याआधी पूर्ण सर्व्हिसिंग करावं का? सर्वसाधारण कॅमेऱ्याच्या बाबतीत तो खर्च सहसा सुटत नाही. लायका, रोलायफ्लेक्स यांचा विचार वेगळा. बाकीच्यांना नवा फोम आणि स्वच्छ बॅटरीचा कप्पा पुरे.

पायरी ७: विकताना

दुकानदार कमी देतो पण काम आजच्या आज होतं. थेट वापरणाऱ्याला विकलं तर जास्त मिळतात, मात्र उत्तरं द्यावी लागतात. दुर्मीळ वस्तू असेल तरच लिलावाची वाट धरा.

फोटो दिवसाच्या उजेडात काढा: वरून, तळातून, उघडलेली पाठ, टॉर्चच्या उजेडातली लेन्स, आणि प्रत्येक दोष जवळून. "चालतो की नाही माहीत नाही" असं लिहिलं की घेणारा तो बंदच धरतो आणि तेवढेच पैसे देतो. त्यापेक्षा पायरी ४ मधल्या रोलचे दोन फोटो जोडा. कॅमेरा कोणाचा होता, हेही दोन ओळींत जरूर सांगा. किंमत त्यानं वाढत नाही, पण जपणारा घेणारा बहुतेक वेळा त्याच ओळी वाचून पुढे येतो.

पायरी ८: ठेवायचा ठरला तर

चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा कोंडून ठेवू नका. चामडं ओलावा धरतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, दाणे ओले झाले की बदला. बॅटरी काढून ठेवा. शटर ताणलेला ठेवू नका. महिन्यातून एकदा सगळे वेग दोन-दोनदा दाबा, म्हणजे वंगण बसत नाही.

आत रोल असेल, तर झाकणावर एक चिठ्ठी चिकटवा: कुठला रोल, कोणत्या महिन्यात घातला, कितवी फ्रेम. आत्याच्या कॅमेऱ्यावर आज अशीच चिठ्ठी आहे, सातव्या फ्रेमची.