नागपूरच्या थंडीत अंगणातले गोल्डफिश: या चुका टाळा

२९ डिसेंबर २०१८ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. धडधाकट गोल्डफिश अशी रात्र काढतो, कारण तो मुळातच थंड पाण्यातला मासा. आपल्याकडे त्याला जास्त बाधतं ते दुपारचं ऊन आणि पहाटेचा गारठा यांतलं अंतर आणि आपलं मायेनं खाऊ घालणं.

खाण्याची चूक सगळ्यात महागात पडते. पाणी गार झालं की माशाचं पचन मंदावतं, पण आपण टाक्याजवळ गेलो की तो तोंड वर करून येतोच. संध्याकाळी टाकलेलं खाणं मग रात्रभर पोटात तसंच राहतं. मासा एका अंगावर कलतो, कधी पोट वर करून तरंगतो. असं दिसलं तर दोन-तीन दिवस काहीच देऊ नका. एरवीही पाणी १० अंशांच्या खाली असेल तर खाणं बंद, १० ते १५ असेल तर ऊन टाक्यावर असताना चिमूटभर हलकं, गव्हांकुराचं खाद्य. हे तापमान पाण्यात थर्मामीटर बुडवूनच बघा, बातम्यांतला आकडा हवेचा असतो. उपाशी मासा बघवत नाही हे खरं, पण थंडीत आठवडाभराचा उपास त्याला सहज झेपतो. उरलेलं खाद्य मात्र जाळीनं लगेच काढा. गारठ्यात फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही सुस्तावतात आणि माशांना विषारी असलेला अमोनिया साचतो.

याच कारणासाठी डिसेंबर-जानेवारीत टाकं घासूनपुसून लख्ख करू नका. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धरता टाक्यातल्याच बादलीभर पाण्यात पिळा. पाणी बदलायचं तर दुपारी, पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नाही. नळाचं पाणी आधी दिवसभर उघडं ठेवा किंवा त्यात अँटी-क्लोरिन घाला. गच्चीवरच्या टाकीचं पहाटेचं बर्फगार पाणी थेट सोडणं फार वाईट.

उथळ टब रात्री भराभर थंड होतो. टाकं निदान अडीच फूट खोल हवं. रात्री ताडपत्री टाका, पण हवेला फट ठेवा आणि सकाळी काढा. ओरांडा, रँचू, ब्लॅक मूर या गोल्डफिशच्या जाती नाजूक. त्यांना घरात आणा. कॉमेट ही जात बाहेर राहू द्या.

बर्फात भोक पाडण्याचे थंड देशांतले सल्ले आपल्याला लागू नाहीत, इथे टाकं गोठत नाही. बाहेरच्या टाक्यात हीटरही नको: रात्री लाइट गेली की पाण्याचं तापमान एकदम उतरतं, आणि तोच धक्का माशाला सोसत नाही.

अशा धक्क्यानंतर अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो एका परजीवीचा रोग असतो. परजीवी टाक्यातल्या पाण्यातही असतो, म्हणून पांढऱ्या ठिपक्यांचं औषध सगळ्या टाक्यातच सुरू करा, आणि उरलेल्या माशांवरही नजर ठेवा. गार पाण्यात या परजीवीचं चक्र लांबतं. म्हणून ठिपके गेले तरी औषध लगेच थांबवू नका.